शरद, हरुद आणि पानगळ

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थिनीने, निवृत्त वनस्पतिशास्त्र-प्राध्यापिकेने, दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



ज्या शाळेत मराठीचे पहिले अक्षर गिरवले, त्या शाळेच्या हीरक महोत्सवात बोलण्याची संधी मिळणे हे मी माझे भाग्य समजते. संयोजकांनी निमंत्रण दिले तेव्हा विषयाचे स्वातंत्र्यही दिले. भाषेवर बोलावे की विज्ञानावर, असा प्रश्न काही दिवस मनात घोळत होता. अखेर ज्यात दोन्ही येते असा एक विषय निवडला, आणि तो तसा साधा आहे. २०२२ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही घरची पाच माणसे काश्मीरला पानगळीचे रंग पाहायला गेलो होतो. त्या आठ दिवसांत जे पाहिले, आणि त्या निमित्ताने एका शब्दाचा जो शोध घ्यावा लागला, त्याविषयी आज आपल्याशी बोलणार आहे.

त्या वर्षी दिवाळी २४ ऑक्टोबरला होती. पुण्याहून मुलगा, सून आणि इयत्ता सहावीत शिकणारी नात आली होती. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज हैदराबादेत करून आम्ही निघालो. काश्मीरला लोक उन्हाळ्यात जातात, किंवा बर्फ पाहायला हिवाळ्यात जातात. ऑक्टोबरच्या अखेरीस का, असे शेजाऱ्यांनी विचारले. त्याचे उत्तर चिनार हे होते. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा चिनाराच्या पानांनी रंग पालटण्याचा काळ. आयुष्यभर विद्यार्थ्यांना पर्णपाताची प्रक्रिया फळ्यावर आकृत्या काढून शिकवली. ती एकदा डोळे भरून पाहावी, अशी फार दिवसांची इच्छा होती.

प्रवासाच्या तयारीतच नातीने एक प्रश्न विचारला. तिची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, पण घरी मराठी आहे आणि शाळेतही मराठी हा विषय आहे. ती म्हणाली, "आजी, आमच्या पुस्तकात ऑटम म्हणजे शरद ऋतू असे दिले आहे, आणि चित्रात लाल-पिवळी पाने गळताना दाखवली आहेत. पण शरदात तर आपल्याकडे सगळे हिरवेगार असते. मग पुस्तक चुकले की आपली झाडे चुकली?"

पालकहो, असा प्रश्न आला की घरातल्या मोठ्यांना दोन मोह होतात. एक, "पुस्तकात आहे ते पाठ कर" असे सांगण्याचा, आणि दुसरा, "पुस्तके काय, काहीही लिहितात" असे म्हणून मोकळे होण्याचा. दोन्ही उत्तरांनी प्रश्न मरतो. मी तिला म्हटले, "आपण आधी इथली झाडे पाहू, मग तिथली पाहू आणि मग ठरवू." आज आपणही त्याच क्रमाने जाऊ.

आपल्या परंपरेत वर्षाचे सहा ऋतू. चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत आणि माघ-फाल्गुन शिशिर. लहानपणी आपण सर्वांनी हे याच शाळेत घोकले आहे. यातला शरद म्हणजे काय? पाऊस ओसरलेला, आभाळ धुऊन निघालेले, ओढ्याचे गढूळ पाणी निवळलेले, कोजागरीचे चांदणे. महाराष्ट्रात शेतात पीक उभे, झेंडूच्या माळा, आपट्याची पाने. आणि आपण ज्या मुलखात राहतो, त्या तेलंगणात शरद म्हणजे बतुकम्मा. नवरात्रात इथल्या आयाबहिणी परातीत फुलांचे थर रचतात, त्यात मुख्य मान तंगेडूच्या पिवळ्या फुलांचा आणि गुनुगूच्या पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांचा. तंगेडू म्हणजे आपला तरवड आणि गुनुगू म्हणजे आपला कुरडू. महाराष्ट्राच्या माळरानावर ही दोन्ही फुले शरदात फुलतात, पण तिथे त्यांना फारसे कोणी विचारत नाही. इथे त्यांचा उत्सव होतो. थोडक्यात, दख्खनच्या पठारावरचा शरद हा फुलण्याचा काळ आहे. गळण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

मग आपल्याकडे पाने गळतात तरी केव्हा? शाळेच्या मागच्या बाजूचा निंब आठवा. आमच्या काळी सहामाही परीक्षा त्याच्या सावलीत अभ्यास करून दिल्या जात, आणि वार्षिक परीक्षेच्या आधी, माघ-फाल्गुनात, त्याच निंबाखाली पिवळ्या पानांचा सडा पडे. शिपाईमामा रोज झाडत आणि रोज वैतागत. थोड्याच दिवसांत त्यावर तांबूस कोवळी पालवी येई आणि गुढीपाडव्याला, म्हणजेच इथल्या उगादीला, मोहर लागलेला असे. आपण पाडव्याला कडुनिंबाची पाने खातो, तेलुगू घरांत त्याच दिवशी निंबाचा मोहर घालून पच्चडी करतात. एकाच झाडाचे, एकाच दिवसाचे हे दोन संस्कार. सांगायचे एवढेच की, आपली पानगळ शिशिरातली. मराठी साहित्यातही पानगळ शिशिराशीच जोडलेली आढळेल. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' ज्यांनी वाचले असेल, त्यांना ठाऊक आहे की आपल्या महिन्यांची ओळख आपल्याच झाडांवरून करून घेता येते. त्यासाठी दुसऱ्या देशाचे चित्र उसने आणावे लागत नाही.

आता काश्मीरकडे वळू. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८० मीटर उंचीवर आहे. आम्ही उतरलो तेव्हा दुपारचे ऊन उबदार होते, पण सावलीत गेले की अंगावर शहारा येई. विमानतळावरून शहरात येताना रस्त्याच्या दुतर्फा सफेद्याची उंच झाडे हळदीसारखी पिवळी झाली होती. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घरच्या वृद्ध गृहस्थांनी स्वागत करताना म्हटले, "आप हरुद में आए हैं, अच्छे वक़्त पर आए हैं." हैदराबादच्या दखनीची सवय असल्यामुळे त्यांची उर्दू मला सहज कळत होती, परंतु 'हरुद' हा शब्द नवा होता. तो काश्मिरी शब्द. अर्थ विचारला तर म्हणाले, पाने लाल होण्याचा मोसम.

तो शब्द मनात घोळत राहिला. मग त्यांनी काश्मिरी लोकांचे सहा ऋतू सांगितले: सोंथ, ग्रीष्म, वहरात, हरुद, वंद आणि शिशुर. हे ऐकताच आपल्याला काय जाणवते? ग्रीष्म तर सरळच आहे. वहरात म्हणजे वर्षाकाळ. शिशुर म्हणजे शिशिर. सोंथ हा वसंताचाच अवतार. आणि हरुद? काश्मिरी भाषेत संस्कृतातल्या 'श'चा अनेक ठिकाणी 'ह' झालेला आहे. शत म्हणजे शंभर, त्याचे झाले 'हथ'. शाक म्हणजे पालेभाजी, तिचे झाले 'हाख', आणि ही हाखची भाजी काश्मीरच्या घराघरांत रोज शिजते. त्याच नियमाने शरदाचा झाला हरुद. आपण मराठी माणसांनी याचे नवल करायला नको. दशचे 'दहा' आपणही केलेच आहे, आणि काश्मिरीतही दहाला 'दह' म्हणतात.

म्हणजे नातीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळाले. पुस्तक सर्वस्वी चुकलेले नव्हते. शरद हा एकच शब्द हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत पसरला. काश्मीरच्या खोऱ्यात तो गेला, तिथे त्याला लाल पाने मिळाली. दख्खनला आला, इथे त्याला चांदणे आणि तरवडाची फुले मिळाली. शब्द तोच राहिला, त्यातला अर्थ त्या त्या मातीने भरला. चूक कुठे होते, तर एका ठिकाणचे चित्र दुसऱ्या ठिकाणच्या शब्दावर डकवतो तेव्हा. ज्या मुलाला शरद हा शब्द येतो पण तरवड ओळखता येत नाही, त्याचे शब्दाचे घर रिकामे आहे. तिथे कोणतेही चित्र येऊन राहते.

आता चिनाराविषयी. दल सरोवराच्या पश्चिम काठावर, हजरतबलजवळ, नसीम बाग आहे. अकबराने १५८६ मध्ये काश्मीर जिंकले, त्यानंतरच्या मोगल काळातली ही बाग. आज ती काश्मीर विद्यापीठाच्या आवारात आहे. मोगलांच्या इतर बागांत, म्हणजे जहांगीराने १६१९ मध्ये सुरू केलेल्या शालिमारमध्ये किंवा आसफखानाच्या निशातमध्ये, कारंजी आणि पायऱ्यापायऱ्यांचे पाट यांना महत्त्व आहे. नसीम बागेत फक्त झाडे आहेत. शेकडो चिनार रांगेने उभे. आम्ही सकाळी गेलो तेव्हा खाली पानांचा घोटाभर थर साचला होता आणि चालताना पापड मोडल्यासारखा आवाज येत होता. विद्यार्थी पुस्तके घेऊन झाडाखाली बसले होते. परीक्षा जवळ आली असावी. झाडाखाली बसून अभ्यास करणारी मुले सगळीकडे सारखीच दिसतात.

चिनाराचे शास्त्रीय नाव प्लॅटॅनस ओरिएंटॅलिस. पान पसरलेल्या पंजासारखे, मोठ्या खोलगट दातांचे. खोडाची साल खपल्याखपल्यांनी निघते आणि आत फिकट रंग दिसतो. फळे म्हणजे देठाला लोंबणारे काटेरी गोंडे. घेर एवढा की आम्ही पाच जणांनी हात धरले तरी एका खोडाला वेढा पूर्ण झाला नाही. एकाच झाडावर त्या दिवशी चार रंग होते: आतल्या सावलीतल्या फांद्या अजून हिरव्या, त्यांच्या बाहेर पिवळ्या, उन्हाकडच्या केशरी आणि शेंड्याला गंजलेल्या तांब्याचा लाल. नातीने प्रत्येक रंगाचे एकेक पान वहीत ठेवले.

या वृक्षाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. चिनाराचे मूळ घर बाल्कन प्रदेशापासून इराणपर्यंत मानले जाते. काश्मीरमध्ये तो बाहेरून आला, असे बहुतेक मानतात. मोगलांनी तो आणला, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. मात्र चौदाव्या शतकातल्या लल्लेश्वरीच्या नावावर असलेल्या वाखांत चिनाराच्या सावलीचा उल्लेख येतो, आणि बडगाम जिल्ह्यातल्या छत्तरगामचा एक चिनार १३७४ साली लावलेला असल्याचे तिथे सांगितले जाते. मोगलांनी तो मोठ्या प्रमाणावर लावला, एवढे निश्चित. 'चे नार', म्हणजे 'ही कसली आग', या फारसी उद्गारावरून त्याला नाव पडले, अशीही एक कथा सांगतात. ती कथा म्हणूनच घ्यावी. काश्मिरी भाषेत त्याला 'बून्य' म्हणतात, आणि काही जण त्या नावाचा संबंध थेट भवानीशी लावतात. आज चिनाराचे पान काश्मीरची खूण झाले आहे. शालीवर, कागदी लगद्याच्या डब्यांवर, अक्रोडाच्या लाकडी कोरीव कामात तेच पान. चिनार तोडायला तिथे शासनाची परवानगी लागते. दुरून आलेले झाड एका भूमीची ओळख बनते, ते कसे? त्याने तिथली थंडी सोसली, तिथल्या लोकांना सावली दिली, आणि आपले चिनारपण सोडले नाही. परमुलखातल्या मराठी शाळेच्या व्यासपीठावरून बोलताना हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता पानाच्या आत काय घडते ते पाहू. इथे माझा जुना तास थोडा वेळ भरतो, त्याबद्दल क्षमस्व.

पान हिरवे दिसते ते हरितद्रव्यामुळे. त्याच पानात पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड द्रव्येही उन्हाळाभर असतात, परंतु हिरव्याच्या गर्दीत ती दिसत नाहीत. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गार झाल्या की झाडाला इशारा मिळतो. पान आपले हरितद्रव्य मोडायला घेते. ते मोडले की पिवळा रंग उघडा पडतो. तो नव्याने येत नाही, आधीपासून असतोच. लाल रंगाची गोष्ट मात्र वेगळी. तो अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा, आणि ही द्रव्ये बहुतेक वेळा शेवटच्या दिवसांत नव्याने तयार होतात. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गोठण्याच्या वर राहणारी थंडी असेल तर लाल रंग अधिक चढतो; ढगाळ, पावसाळी हवेत तो फिका राहतो. म्हणूनच एकाच झाडाची उन्हाकडची बाजू अधिक लाल.

पान हे सगळे कशासाठी करते? मुख्य कारण बचत. पानातल्या प्रथिनांत, विशेषतः प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेत, पुष्कळ नायट्रोजन गुंतलेला असतो. गळण्यापूर्वी झाड त्यातला मोठा भाग, साधारण निम्मा, काढून फांद्यांत आणि खोडात साठवते. पुढच्या वसंतात नवी पालवी त्याच्यावर फुटते. हरितद्रव्याचे पुढे काय होते, हे कोडे फार काळ सुटले नव्हते. ते रंगहीन पदार्थांत मोडते, म्हणून दिसेनासे होते. त्या पदार्थाची रचना झुरिचच्या संशोधकांनी १९९१ मध्ये उलगडली. दरवर्षी जगभर इतके हिरवे डोळ्यांदेखत नाहीसे होते, आणि ते कुठे जाते हे कळायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली! हा हिशेब पूर्ण झाल्यावर देठाच्या बुडाशी पेशींचा एक विशेष थर तयार होतो. फांदीच्या बाजूची जखम आधी बुजवली जाते, आणि मग वाऱ्याच्या एका झुळकीने पान सुटते. पान तुटत नाही, झाड त्याला सोडते.

मराठीत आपण काय म्हणतो? पान 'पिकते'. फळ पिकते तसे पान पिकते. वय झालेल्या माणसालाही आपण 'पिकले पान' म्हणतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने याहून अचूक क्रियापद सापडणे कठीण. पान वाळणे वेगळे आणि पिकणे वेगळे. फांदी अकाली मोडली तर तिची पाने तपकिरी होऊन तिथेच लटकत राहतात, गळत नाहीत, कारण त्यांना आवराआवरीला सवड मिळालेली नसते. पिकणे ही जिवंत पानाने शेवटपर्यंत केलेली कामगिरी आहे. वर्गात मी हे मराठीतून सांगू शकले असते तर विद्यार्थ्यांना एका शब्दात कळले असते, असे मला अनेकदा वाटे.

पाने सोडण्याची गरज कशी खरी असते, याचे उदाहरण काश्मिरी शेतकरी देतात. २०१९ च्या नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात खोऱ्यात मोठा बर्फ पडला. सफरचंदाच्या झाडांवर तेव्हा पाने होती. पानांवर बर्फ साचला, त्याच्या ओझ्याने फांद्या मोडल्या, कितीतरी झाडे उभी चिरली आणि बागांचे फार नुकसान झाले. आदल्या वर्षीही नोव्हेंबरात असेच झाले होते. सफरचंदाचे झाड नीट धरू लागायला अनेक वर्षे लागतात. तेव्हा हे नुकसान एका हंगामाचे नसते. ज्या झाडाची पाने वेळेवर गळली, त्याच्या फांद्यांतून बर्फ खाली पडतो आणि झाड वाचते. आपल्या निंबाला बर्फाचे भय नाही. त्याच्यापुढे कोरड्या महिन्यांतल्या पाण्याच्या टंचाईचा प्रश्न असतो. दोन्हीकडे उपाय एकच, पान सोडणे. महिने मात्र वेगळे, कारण संकट वेगळे.

आपल्याला लाल पाने पाहायचीच असतील तर त्यासाठी दरवेळी काश्मीरला जावे लागेल असेही नाही. सह्याद्रीत कोशिंबाची झाडे उन्हाळ्याच्या तोंडावर अशी लालबुंद होतात की दुरून फुलली आहेत असे वाटते. ती कोवळी पालवी असते. आंब्याची, पिंपळाची नवी पाने तांबूस असतात. तो लाल रंगही बहुतांशी अँथोसायनिनचाच. तिथे तो निरोपाला येतो, इथे स्वागताला. आणि आपल्या शाळेच्या फाटकाजवळचा देशी बदाम विसरू नका. त्याची पाने गळण्यापूर्वी चक्क लाल होतात. आम्ही मुली ती गोळा करून वहीत ठेवत असू. हैदराबादेत बसून काश्मीरची चुणूक दाखवणारे ते झाड आजही तिथे आहे, हे आत येताना मी पाहून घेतले.

आता तिथल्या माणसांविषयी थोडेसे. प्रवासी रंगांचे फोटो काढत असतात, तेव्हा तिथल्या बायका झाडूने पानांचे ढीग करत असतात. नसीम बागेबाहेर दोघी जणी हे काम करत होत्या. पानांचा ढीग पेटवायचा, तो पुरता जळून राख होण्याआधी त्यावर पाणी शिंपडायचे, की हलका कोळसा उरतो. हा कोळसा कांगडीत जातो. कांगडी म्हणजे वेताच्या विणीत बसवलेले मातीचे भांडे. त्यात निखारे घालून काश्मिरी माणूस ते फेरनच्या आत जवळ धरतो आणि हिवाळा काढतो. चिनार उन्हाळ्यात सावली देतो आणि हिवाळ्यात ऊब देतो, ते अशा रीतीने. धुराचा त्रास होतो, म्हणून शहरात पाने जाळण्याविषयी आता तक्रारीही होतात. तोही एक खरा प्रश्न आहे.

घराच्या सज्जांतून भाज्यांच्या माळा लोंबत होत्या. दुधीच्या चकत्या, वांगी, टोमॅटो, सलगम, सगळे उन्हात वाळत घातलेले. बर्फाने रस्ते बंद झाले तर ताजी भाजी कुठून येणार, म्हणून ही बेगमी. दुधीच्या वाळवलेल्या चकत्यांना 'अल-हचि' म्हणतात. सूनबाई म्हणाल्या, "आई, हे तर आपले वाळवणच!" आपल्या आज्या चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड घालत, कारण पुढे पावसाळा. यांचे वाळवण हरुदात, कारण पुढे बर्फ. जिथे ज्या ऋतूची धास्ती, त्याच्या आधीच्या ऋतूत वाळवण.

पांपोरला केशराची शेते पाहिली. चिनार रंग पालटतो त्याच पंधरवड्यात केशर फुलते. जमिनीत कंद, वर पान दिसते न दिसते तोच जांभळे फूल. पहाटे, ऊन चढण्याआधी, वाकून एकेक फूल खुडायचे. एका फुलात तीन लाल केसर, आणि एक किलो सुके केशर मिळायला सुमारे दीड लाख फुले लागतात. काश्मीरच्या केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण लागवडीखालची जमीन गेल्या काही दशकांत घटली आहे. घरे वाढली, पावसाचे वेळापत्रक बिघडले. फुले खुडणाऱ्या एका आजींना आमच्या नातीने विचारले, "दादीजी, तुमची नात येत नाही का खुडायला?" त्या म्हणाल्या, "वह पढ़ती है बेटा." त्या उत्तरात अभिमान होता आणि काळजीही होती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हेच उत्तर वेगळ्या शब्दांत दिले गेले आहे.

मित्रहो, इथून मी आपल्या शाळेकडे येते. काश्मीर आणि देवगिरी यांच्यात एक जुने नाते आहे. 'संगीतरत्नाकर' लिहिणारा शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, सिंघण राजाच्या पदरी होता. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले. तिसऱ्या पिढीतल्या नातवाने दख्खनमध्ये बसून असा ग्रंथ लिहिला की हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही संगीतपरंपरा त्याला प्रमाण मानतात. स्थलांतराने विद्या हरवते, असे आपण सहज म्हणून जातो. शार्ङ्गदेवाच्या घराण्याने ती सोबत आणली, रुजवली आणि नव्या भूमीला दिली.

साठ वर्षांपूर्वी आपल्या वाडवडिलांनी ही शाळा काढली, तेव्हा त्यांच्या मनात असेच काही असणार. आज शाळेची स्थिती काय आहे, हे आपण सारे जाणतो. तुकड्या कमी झाल्या आहेत. माझ्यासमोर बसलेल्या कित्येक माजी विद्यार्थ्यांची मुले दुसऱ्या माध्यमात शिकतात. माझी नातही शिकते. त्याबद्दल कोणाला दोष द्यायला मी उभी नाही. पण पालकांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या मुलाला मराठीतून किती झाडे ओळखता येतात, किती महिने सांगता येतात, फाल्गुन म्हटले की डोळ्यासमोर काय उभे राहते? भाषा परीक्षेच्या पेपरात जगत नाही. ती तरवड, वाळवण, पिकले पान अशा शब्दांत जगते, आणि हे शब्द त्या त्या वस्तूच्या शेजारी उभे राहूनच शिकता येतात. ही गोष्ट शाळा एकटी करू शकत नाही आणि घरही एकटे करू शकत नाही.

म्हणून एक सूचना मांडते. शाळेने हीरक महोत्सवाची आठवण म्हणून एक 'ऋतुवही' सुरू करावी. आवारातली पाच झाडे निवडावीत: निंब, देशी बदाम, आंबा, पिंपळ आणि कुंपणालगतचा तरवड. आठवड्यातून एकदा दोन मुलांनी नोंद करायची: पालवी किती, पिकली पाने किती, मोहर आला का, फळ धरले का. महिना मराठीत लिहायचा, झाडाचे नाव मराठीत आणि तेलुगूत लिहायचे. भारतात 'सीझनवॉच' नावाचा उपक्रम असून त्यात देशभरातली शाळकरी मुले अशाच साप्ताहिक नोंदी करतात. आपल्या नोंदी तिथेही पाठवता येतील. ऋतू सरकत आहेत असे सर्वजण म्हणतात. ते खरेच किती सरकले, हे अशा वह्यांवरून कळते, आणि ती वही सलग दहा-वीस वर्षांची असावी लागते. शाळेला ते शक्य आहे. मुले बदलतात, शाळा आणि झाड तिथेच राहते. जी मुले आता या शाळेत नाहीत, पण ज्यांचे आईवडील इथले आहेत, त्यांनाही रविवारी या नोंदींसाठी बोलवावे. त्या निमित्ताने ती या आवारात येतील आणि मराठीत बोलतील. पहिल्या वर्षाच्या वह्यांचा खर्च १९७० च्या दशकातल्या आम्ही माजी विद्यार्थिनींनी उचलायचे ठरवले आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी कृपया तो स्वीकारावा.

माझ्या नातीने परतल्यावर पुण्याच्या शाळेत निबंध लिहिला. त्यात तिने लिहिले की शरदात काश्मीरमध्ये चिनाराची पाने पिकतात, हैदराबादला तरवड फुलतो आणि पुण्याला आपटा लुटतात, म्हणून शरद तीन आहेत. बाईंनी शेरा दिला, "शरद एकच आहे." मला वाटते, दोघींचेही बरोबर आहे.

ज्या गुरुजनांनी आम्हाला शब्दाबरोबर वस्तू दाखवली, त्यांना मी नमस्कार करते. त्यांतले काही आज पिकल्या पानांच्या तेजाने पहिल्या रांगेत बसले आहेत, काही आपल्यात नाहीत. त्यांनी जे साठवून ठेवले, त्याच्यावर आमची पालवी फुटली. शाळेच्या पुढच्या वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा देते.